अठराचा गहू

१

साळुबाईच्या गव्हात अठरा टक्के प्रथिनं निघाली, आणि ते ऐकून सगळ्यात आधी मनातल्या मनात हरखल्या त्या बिबिजानबाई. आता गव्हाचं कौतुक म्हणून हरखल्या असत्या तर गोष्ट निराळी. पण त्यांच्या हरखण्याचं कारण गहू नव्हतंच. कारण होती तेजस्विनी.

आपल्याकडच्या गव्हात अकरा-बारा टक्के प्रथिनं असतात. फार तर तेरा. अठरा म्हणजे शेळीनं बादलीभर दूध दिल्यासारखं. कुठंतरी घोळ झाला होता हे उघड होतं, आणि तपासणी तेजस्विनीनं केली होती.

जुन्नरच्या बियाणे संघाच्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत बिबिजानबाईंची उमर गेली होती. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि हिरव्याचा गुलाबी रंग कधी होतो ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, हे त्यांचं काम. गेल्या पावसाळ्यात ही पोरगी पुण्याहून शिकून आली, आणि तिच्या मागोमाग आलं यंत्र. बटण दाबलं की आकडा छापून बाहेर. लेण्याद्रीचा डोंगर दिसायचा ती खिडकीची खोली यंत्राला दिली गेली. बाईंच्या वाट्याला मागची, मोरीजवळची. पाहुणे आले की संघाचे अध्यक्ष हौशीरामभाऊ त्यांना तडक तेजस्विनीच्या खोलीत न्यायचे, आणि बाईंच्या खोलीत न्यायचे ते फक्त चहाला.

वर पोरगी स्वभावानं गोड. हा तर खरा जाच. वाईट असती तर निदान मनमोकळं वाईट म्हणता आलं असतं.

"मॅडम, मी नमुना दोनदा लावला. दोन्हीदा अठराच आले," तेजस्विनी दारात उभी राहून म्हणाली.

"यंत्राला काय, तेही माणसानंच चालवायचं असतं ना," बाई म्हणाल्या. आवाजात साखर होती, पण खडीसाखर. लागली तर दात दुखावा अशी.

तेवढ्यात हौशीरामभाऊ घाम पुसत आत आले.

"बाई, ह्ये काय ऐकतोय मी? रविवारी निमगाव सावात सभा हाय. बियाण्यासाठी कुणाचा गहू निवडला ते माईकवरून सांगायचंय मला. आन् तुमी म्हनता साळुबाईचा अठरा! लोक हसतील राव. एक तर आपली तपासणी खोटी, न्हाईतर साळुबाई खोटी. तपासणी खोटी असंल तर ह्ये यंत्र माघारी धाडतो. आन् साळुबाईनं कायतरी कालवलं असंल तर भर सभेत नाव घिऊन तिचा गहू कायमचा बाद करतो. बोला!"

"मी स्वतः लावते," बिबिजानबाई म्हणाल्या. "जुन्या पद्धतीनं."

यंत्र माघारी. खिडकी मोकळी. लेण्याद्री पुन्हा समोर. बाईंनी गव्हाचं पीठ तोललं, आम्लात घातलं, आच दिली. पीठ काळंकुट्ट झालं, मग हळूहळू निवळून हिरवट निळं, नितळ झालं. शेजारी धान्य न घातलेला, नुसत्या आम्लाचा कोरा फ्लास्कही ठेवला, कारण भांडंच खोटं असेल तर तो ते सांगतो. ताडून बघायला दुसऱ्या नंबरच्या शेतकऱ्याचा, भगवंतचा, गहूही सोबत लावला. दुपार कलली तेव्हा त्यांनी नळीखाली शेवटचा थेंब सोडला आणि आकडेमोड केली.

कोरा फ्लास्क स्वच्छ. भगवंतचा गहू बाराच्या थोडा वर, अगदी यंत्रानं सांगितला तेवढाच.

साळुबाईचा गहू अठरा.

त्यांच्या स्वतःच्या हातून, अठरा.

२

पोरगी खरी निघाली होती. बाई जरा वेळ नळाखाली काच धूत बसल्या. धुवायला तसं काही नव्हतं.

"मॅडम," तेजस्विनी हळूच म्हणाली, "मी परवा दळायच्या आधी नमुना निवडला ना, तेव्हा त्यात मोहरीचे दाणे निघाले. आणि वाळक्या मिरचीची साल." तिनं काचेची छोटी बशी पुढं केली.

"शेतकऱ्याच्या घरचा गहू आहे, बाळ. त्यात मोती निघणार आहेत का?"

पोरीनं बशी मुकाट्यानं फडताळात ठेवली.

बाईंनी पिशवीतला उरलेला गहू तळहातावर घेतला आणि उजेडात धरला. आणि मग मात्र त्यांच्यातली मत्सरी बाई बाजूला झाली आणि जुनी रसायनवाली पुढं आली. गव्हाला चकाकी नव्हती. अंगावर बारीक सुरकुती होती, पाण्यात खेळलेल्या बोटांवर पडते तशी. हा गहू एकदा भिजला होता आणि मग वाळवला होता.

त्यांनी मूठभर दाणे पाण्यात खळबळून धुतले, रात्रभर वाळवले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच दळून पुन्हा लावले.

आता आले तेराहून जरा जास्त.

"पाण्यात गेले मॅडम! पाच टक्के पाण्यात गेले!" तेजस्विनी जवळजवळ नाचलीच. "गव्हाचं प्रथिन असं धुऊन जात नाही."

"आपल्याला प्रथिन दिसतं कुठं?" बाई म्हणाल्या. "आपण मोजतो तो नत्र. नत्र सापडला की त्यावरून प्रथिनाचा हिशोब करायचा. जसा अंगणातल्या चपला मोजून घरात किती पाहुणे आलेत ते सांगावं. आता कुणी मुद्दाम चार जोड जास्तीचे आणून ठेवले, तर?"

बिबिजानबाईंचे मिया चांदभाई दूध संकलन केंद्रात होते. दुधात युरिया घालणारे महाभाग कसे पकडतात ते बाईंनी जेवताना शंभरदा ऐकलं होतं. त्यांनी दाणे धुतलेलं पाणी एका भांड्यात घेतलं, त्यात युरिया फोडून अमोनिया करणारं कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकलं आणि भांडं उन्हात ठेवलं. ताडून बघायला दुसऱ्या भांड्यात नुसत्या पाण्यात युरिया विरघळवला. ते भांडं हाताला गारढोण लागलं. युरियाची ती खोडच आहे, विरघळताना पाण्यातली ऊब खाऊन टाकतो. मग त्यातही सोयाबीनचं पीठ टाकून तेही उन्हात ठेवलं.

थोड्या वेळानं दोन्ही भांड्यांतून नाकाला झोंबणारा वास आला. वर धरलेला हळदीचा कागद दोन्हींवर कुंकवासारखा लाल झाला.

"युरिया," तेजस्विनी कुजबुजली.

मागून हौशीरामभाऊंचा आवाज आला. "म्हंजी भ्येसळ! बास, बाई. साळुबाईचं नाव उद्या सभेत गेलं म्हनून समजा."

३

"सभा उद्या आहे ना भाऊ? मग आजचा दिवस माझा," असं म्हणून बिबिजानबाई शनिवारी दुपारच्या एसटीनं निमगाव सावाला गेल्या. तेजस्विनी बरोबर येते म्हणाली. नको म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणून घेतली.

पहिला गाठला तो भगवंत. साळुबाईच्या खालोखाल त्याचाच नंबर होता, आणि साळुबाईची नमुन्याची पिशवी जुन्नरला पोचवली होती तीही त्यानंच, आपल्या फटफटीवरून.

"या भाभी, बसा. चा टाकायला सांगू? मला ठावं हाय तुमी कशाला आलाय. समद्या गावाला ठावं हाय."

"मग सांगा की भगवंतराव. पिशवी तुमच्याकडं होती."

"व्हती. आन् साळूवहिनीचा गहू माझ्यापरीस सरस हाय ह्ये बघून माझ्या पोटात दुखलं का? दुखलं. खोटं कशाला बोलू? रातभर दुखलं. पर भाभी, मला तिला पाडायचं असतं तर मी गव्हात माती घातली असती, किडका दाणा घातला असता. त्यो चांगला करून कशाला दिऊ?"

"इतका चांगला, की कुणाचा विश्वासच बसू नये."

भगवंतनं कपाळाला हात लावला. "एवढं डोस्कं असतं तर मी सोसायटीचा चेअरमन झालो असतो, राव!"

वाटेत तेजस्विनी म्हणाली, "मॅडम, मला तोच वाटतो."

"पिशवी तू उघडलीस. शिवण कशी होती?"

"लाल दोरा, दुहेरी. गाठीवर गाठ. मला कात्रीनं कापावी लागली."

"उसवून परत शिवलेली?"

"नाही. कापडाला भोकांची एकच ओळ होती."

"मग गहू भिजवून, वाळवून, परत भरायचा कधी? फटफटीवर? युरिया पिशवी शिवायच्या आधी गेलाय. साळुबाईच्या घरातच."

म्हणजे हौशीरामभाऊ बरोबर होते तर! साळुबाई आपल्या ओट्यावरच उभी होती. डोळे रडून लाल आणि हातात मुसळ.

४

मुसळ मिरच्या कांडायचं होतं, पण बघणाराला आधी तसं वाटत नव्हतं.

"माझ्या सासूनं जतन केलेलं बियाणं हाय ह्ये," साळुबाई म्हणाली. "संकरित आलं, समद्यांनी ह्ये सोडलं, म्या न्हाई सोडलं. दुष्काळात पोटाला चिमटा घेतला पर मडक्यातल्या बियाण्याला हात न्हाई लावला. त्यात मी युरिया कालवीन? लेकराच्या दुधात कुनी इख कालवतं का, बाई? उद्या माझं नाव सभेत घेतलं ना, तर मी पुन्हा ह्यो गहू पेरनार न्हाई. कुनासाठी पेरू?"

आणि ती खरोखर पेरणार नाही, हे तिच्या तोंडाकडं बघून कळत होतं. तिनं पेरलं नाही की तो गहू संपला. दुसऱ्या कुणाकडं त्याचा दाणा नव्हता.

"नमुना काढला त्या दिवशी घरी कोण होतं?"

"मी, आन् पलीकडं अक्का."

पडवी एक, दारं दोन, चुली दोन. पलीकडच्या दारात साळुबाईची थोरली जाऊ सोनीबाई वाती वळत बसली होती. वाटणी झाली तेव्हा जमीन, गुरं, भांडी सगळं निम्मंनिम्मं झालं. एक बियाण्याचं मडकं तेवढं सासूनं मरताना धाकटीच्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं कामापुरतं. हे एसटीतल्या शेजारणीनं न विचारताच सांगितलं होतं.

"म्या गहू निवडून सुपात काढला, पडवीत ठिवला आन् धुनं घिऊन वढ्याला गेले," साळुबाई म्हणाली. "आले तवा सूप अंगनात उन्हात व्हतं. मला वाटलं अक्कानं सरकवलं. सांजच्याला पिशवी शिवली."

"सोनीबाई, सूप तुम्ही उन्हात ठेवलं?"

"म्या त्या गव्हाकडं बघितलं बी न्हाई." वातीवरची नजर वर झाली नाही.

"बघितलं का नाही विचारलं मी. सरकवलं का?"

"म्या बघितलं बी न्हाई, बाई. म्या बघतच नसते."

अंगणात साळुबाईचा गहू अजून वाळत पडला होता, सोन्यासारखा. सोनीबाई वाती घेऊन देवळाकडं निघाली. सरळ वाट गव्हाच्या कडेनं होती. ती गोठ्याला वळसा घालून, पदर डोळ्यांवर ओढून गेली.

"बघितलंत?" तेजस्विनी कानाशी म्हणाली. "केवढा तो मत्सर! गव्हाकडं बघवतसुद्धा नाही. तिनंच केलं, मॅडम. जावेला पाडायला."

"तिला काय ठाऊक, आपण नत्र मोजतो ते? तिला पाडायचं असतं तर तिनंही मातीच घातली असती, भगवंत म्हणाला तशी."

मत्सर बिबिजानबाईंना ओळखता येत होता, तो कुणी शिकवायला नको होता. मत्सरी माणूस बघतो. चोरून, पुन्हा पुन्हा, जखमेवरची खपली काढावी तसा बघतो. त्या स्वतः दिवसातून कितीदा खिडकीच्या खोलीत डोकावायच्या! मग ही बाई डोळे का झाकते?

त्यांची नजर साळुबाईच्या चौकटीवर गेली. तिथं लिंबू-मिरची टांगलेली होती. मिरची वाळून तिची साल सुटत आली होती.

बिबिजानबाई एकदम उभ्या राहिल्या.

"तेजस्विनी, ती मोहरी. टाकून दिलीस का गं?"

पोरीनं पर्समधून कागदाची पुडी काढली. "नाही, मॅडम. आणलीय."

५

बाईंनी भगवंतला धाडून हौशीरामभाऊंना बोलावून घेतलं. सोनीबाई देवळातून आली तिला पडवीत बसवलं.

पडवीच्या कोनाड्यात तीन सारख्या बरण्या होत्या. "ह्यात काय, साळुबाई?"

"एकात पापडखार, एकात खडंमीठ. आन् ही परसातल्या वांग्यांना घालायचा युरिया."

वातींचा द्रोण सोनीबाईच्या हातून खाली पडला.

"बघा, घरातच हाय!" हौशीरामभाऊ म्हणाले.

"आहे ना. म्हणून तर साळुबाईनं घातला नाही," बिबिजानबाई म्हणाल्या. "भाऊ, भेसळ करणारा मोहरी घालील का? मिरची घालील का? मीठ, मोहरी, मिरची एकत्र कधी येतात, सांगा. आमच्यातही नजर उतरवतात आणि तुमच्यातही. कुणीतरी या गव्हाची दृष्ट काढली. मोहरी सापडली, मिरची सापडली, मीठ तेवढं सापडलं नाही. मिठाच्या जागी सापडला युरिया. म्हणजे काढणाराला मिठाची बरणी कुठली ते ठाऊक नव्हतं. साळुबाई स्वतःची बरणी चुकेल? चुकेल ती, जिची चूल वेगळी आहे."

"म्या बघितलं बी न्हाई," सोनीबाई पुटपुटली.

बाईंनी दोन वाट्या पाणी मागवलं. पाठमोऱ्या होऊन एकीत मिठाच्या बरणीतली मूठ टाकली, दुसरीत युरियाच्या, आणि ढवळलं.

"सोनीबाई, दोन्हींत बोटं घाला. त्या दिवशीचं पाणी यातलं कुठलं?"

म्हातारीनं पहिलीत बोटं घातली. काही नाही. दुसरीत घातली आणि चटका बसल्यासारखी मागं घेतली. डोळे भरून आले.

"ह्ये. असंच गार पडलं व्हतं, बर्फावानी. मला वाटलं, दृष्ट उतरली."

मग ती आपणहून बोलायला लागली.

"कुनाची दृष्ट म्हनून काय इचारता? माझीच. त्या मडक्यापायी माझ्या जीवाची लई आग व्हते, बाई. सुपातला गहू बघितला आन् मनात आलं, ह्यो मोडावा. म्या म्हनलं, सोने, तुझी नजर वाईट हाय, तुझीच लागंल. पर गहू सासूचा हाय. माझ्याबी सासूचा हाय की! म्हनून उतरून टाकली. चुलीत टाकलं असतं तर धुरानं समदी इचारत आली असती. म्हनून तांब्यात कालवून गव्हाला चोळलं आन् उन्हात ठिवलं. तवापासून बघत न्हाई. परत लागंल म्हनून."

"आपल्या घरचं मीठ का नाही घेतलं?" तेजस्विनीनं विचारलं.

"जिची नजर तिच्याच घरचं मीठ कसं चालंल, पोरी?"

"काय म्हणत उतरवली?" बिबिजानबाईंनी विचारलं. तपासाला त्याची गरज नव्हती. त्यांना ऐकायचं होतं.

सोनीबाईनं मूठ हवेत फिरवली. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची..." आणि मग अगदी हळू, "आन् सोनीची."

साळुबाई खाली बसली. मुसळ बाजूला ठेवलं.

"अक्का, मीठ मागायचं व्हतं की गं. चोरलंस कशाला?"

"मीठ हातावर मागू नये. भांडनं व्हत्यात."

"आता न मागता काय कमी झाली व्हय?" साळुबाईनं डोळे पुसले, उठली, खड्यामिठाची बरणी उचलली आणि जावेच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. "हातावर न्हाई देत. घे बरनीसकट. आन् औंदा पेरनीला मडकं मी एकटी न्हाई फोडनार. निम्मं तुज्या वावरात जाईल."

हौशीरामभाऊ घसा खाकरून म्हणाले, "बाई, मंग सभेत काय सांगू?"

"सांगा, नमुना भिजला होता. कोठीतला नवा आम्ही आत्ता घेऊन जातो. आकडा उद्या सकाळी तुमच्या हातात देऊ, सभेच्या आधी."

"आकडा कोण काढनार? तुमी का यंत्र?"

बिबिजानबाई क्षणभर थांबल्या. "यंत्र. तेजस्विनी. मोहरी तिनं जपली. माझ्यावर सोडली असती तर साळुबाई आज चोर ठरली असती."

६

नवा नमुना तेराच्या वर आला. भगवंतच्या पुढं, थोडासाच, पण पुढं. सभेत नाव पुकारलं गेलं तेव्हा साळुबाईनं जावेला कोपरानं ढकलत पुढं नेलं, आणि शाल कुणाच्या खांद्यावर घालावी ते हौशीरामभाऊंना कळेना. भगवंतनं टाळ्या वाजवल्या, पोटात दुखत असूनही जोरात वाजवल्या.

सोमवारी पुण्याचे पाहुणे आले. हौशीरामभाऊ त्यांना तडक खिडकीच्या खोलीत घेऊन गेले. तिकडून आवाज येत होता. "ह्या आमच्या तेजस्विनीताई. ह्यांनी एका मोहरीच्या दाण्यावरनं..."

मागच्या खोलीत बिबिजानबाईंनी चहाचं आधण ठेवलं. छातीत ती ओळखीची आग उठलीच. एका शनिवारच्या शहाणपणानं ती थोडीच विझणार होती! त्यांनी दार लोटून घेतलं. फडताळातून मिठाची बाटली काढली. तिच्यावरचं लेबल दोनदा वाचलं. चिमूट घेतली, आणि खिडकीच्या खोलीच्या भिंतीकडं तोंड करून हात फिरवला.

"आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची," त्या पुटपुटल्या. चिमूट मोरीत सोडून वर तांब्याभर पाणी ओतलं.

"आन् बिबीची."